आधी आई तपासा: संत्र्याच्या झाडातले विषाणू कसे सापडले

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जे बोललो तेच इथं आहे, फक्त माझे 'अं' आणि 'म्हणजे काय की' तेवढे काढून टाकलेत.

मी चंद्रपूरचा. आमच्याकडे इतिहास म्हटलं की लोकांना गोंड राजे आणि बल्लारशाचा किल्ला आठवतो. जंगल म्हटलं की ताडोबा आणि आलापल्लीचा साग. आज मात्र राजाही नाही आणि वाघही नाही. आज विषाणू आहे. तोही माणसाला होणारा नाही, झाडाला होणारा. माणसानं लावलेल्या झाडात राहणारा विषाणू शोधायचा कसा, तो 'नवीन' आहे हे ठरवायचं कसं, आणि या शोधाचा शेतकऱ्याला उपयोग काय, याचा इतिहास आज बघू. सांगतोय संत्र्याची गोष्ट, पण तिचा शेवट मला गडचिरोलीच्या जंगलात सापडला. तो कसा, ते पुढे येईलच.

जंगलातलं झाड आणि बागेतलं झाड

आधी एक साधा फरक समजून घ्या. जंगलात मोहाचं झाड कसं येतं? बी पडतं, पाऊस पडतो, रोप उगवतं. प्रत्येक रोप आईबापापेक्षा थोडं वेगळं. संत्र्याची बाग अशी उगवत नाही. तिथं आधी जंबेरीच्या बियांपासून रोप तयार करतात. त्याला म्हणतात खुंट. मग चांगल्या संत्र्याच्या झाडाची एक काडी कापून आणतात, ती डोळकाडी. तिच्यावरचा एक डोळा काढून खुंटाच्या सालीत बसवतात आणि वरून पट्टी बांधतात. डोळा फुटला की खुंटाचा वरचा भाग छाटून टाकतात. खाली मुळं जंबेरीची, वर झाड संत्र्याचं. ही झाली कलम.

म्हणजे बागेतली शेकडो झाडं खरं तर एकाच झाडाच्या नकला असतात. त्या एका झाडाला म्हणायचं मातृवृक्ष, सगळ्या बागेची आई. तिची गोडी सगळ्यांत उतरते, सालीचा रंग उतरतो. आणि तिच्या अंगात काही दुखणं असेल, तर तेही उतरतं.

संत्र्याच्या बहुतेक विषाणूंची एक खोड आहे. ते बियांतून सहसा जात नाहीत. बियांपासून आलेलं जंबेरीचं रोप साधारणपणे स्वच्छ असतं. पण डोळ्यातून विषाणू हमखास जातो. झाडाला आपल्यासारखी प्रतिपिंडं नसतात, त्यामुळे एकदा आत शिरलेला विषाणू झाड मरेपर्यंत आतच राहतो. त्यावर फवारणी चालत नाही, औषध चालत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीत संत्र्याचा मोठा पट्टा नाही. तो आमच्या वायव्येला, नागपूर आणि अमरावती जिल्ह्यांत. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी. वरुड तालुक्यातलं शेंदूरजना घाट तर कलमांसाठीच ओळखलं जातं. नागपूरच्या भोसल्यांनी औरंगाबादकडून संत्रा आणला, असं सांगतात. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण संत्र्याचे नातेवाईक मात्र आमच्या जंगलात आहेत. बेल, कवठ, कढीपत्ता ही सगळी संत्र्याच्याच कुळातली झाडं. त्यातला कढीपत्ता लक्षात ठेवा, तो या गोष्टीत परत येणार आहे.

'विषाणू' हा शब्द झाडातूनच आला

कोविडमुळे आपल्याला वाटतं की विषाणू म्हणजे माणसाचा आजार. पण विषाणू नावाची काही चीज आहे हे पहिल्यांदा कळलं ते एका पिकामुळे, तंबाखूमुळे. तंबाखूच्या पानांवर हिरवे-पिवळे चट्टे पडायचे. १८८६ मध्ये अॅडॉल्फ मायर यांनी दाखवलं की रोगट पानाचा रस निरोगी पानाला लावला की रोग जातो. १८९२ मध्ये रशियात दिमित्री इव्हानोव्हस्की यांनी तो रस जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळला, तरी रोग गेलाच. १८९८ मध्ये हॉलंडमध्ये मार्टिनस बायरिंक म्हणाले की हा जिवाणू नव्हेच, हे काहीतरी वेगळंच आहे. त्यांनी त्याला 'व्हायरस' म्हटलं.

पण तंबाखूचं पीक एका हंगामाचं. रस लावा, काही दिवसांत निकाल. झाडाचं तसं नाही. संत्र्याचं झाड लावल्यावर फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात, आणि त्यानंतर ते झुरायला लागलं तर शंभर कारणं असू शकतात. पाणी साचलं असेल, मुळं कुजली असतील, डिंक्या लागला असेल, कोळशी आली असेल, खत कमी पडलं असेल. म्हणून झाडातला विषाणू ओळखायला माणसाला इतका वेळ लागला. आजाराला 'ऱ्हास' असं मोघम नाव देऊन लोक मोकळे व्हायचे. झाड वरून, शेंड्याकडून वाळत यायचं, पानं पिवळी पडायची, फळ लहान व्हायचं. शेतकरी म्हणायचा, जमीन थकली.

उदास झाडं आणि कागदी लिंबाचा रिपोर्ट

१९३० च्या दशकात अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये संत्र्याची झाडं धडाधड मरू लागली. लाखो झाडं गेली. तिथल्या लोकांनी या रोगाला नाव दिलं 'ट्रिस्टेझा', म्हणजे उदासी. कारण झाड खरंच उदास दिसायचं, पानं गाळून उभं राहायचं.

१९४६ हे वर्ष महत्त्वाचं. त्या वर्षी कॅलिफोर्नियात फॉसेट आणि वॉलेस यांनी दाखवलं की हा रोग कलमेतून जातो. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये मेनेगिनी यांनी दाखवलं की तो मावा नावाच्या किडीतूनही जातो. म्हणजे जमीन थकली नव्हती. जिवंत असं काहीतरी एका झाडातून दुसऱ्यात जात होतं.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे हे काम पुण्यात झालं. भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या केंद्रात एस. पी. कपूर आणि पी. एम. वर्मा ही मंडळी झाडांच्या विषाणूंवर काम करत होती. याच दोघांनी १९४८ मध्ये मुंबई प्रांतातल्या पपईच्या मोझॅक रोगाची नोंद केली होती. पुढे १९५८ मध्ये वासुदेव आणि कपूर यांनी मुंबई राज्यातल्या संत्रावर्गीय झाडांच्या ऱ्हासावर लिहिलं. गंमत बघा, तेव्हा महाराष्ट्र व्हायचा होता आणि विदर्भ मुंबई राज्यातच होता. आमचा चांदा जिल्हासुद्धा. १९५९ मध्ये वासुदेव, वर्मा आणि राव यांनी दाखवून दिलं की भारतातही हा ऱ्हासाचा विषाणू माव्यातून पसरतो.

आता प्रश्न असा, की पीसीआर नाही, जनुकं वाचायचं यंत्र नाही, तर त्यांनी ओळखलं कसं? उत्तर आपल्या घरातलंच आहे. कागदी लिंबू! नागपुरी संत्रा जंबेरीच्या खुंटावर असला की हा विषाणू बऱ्याचदा निमूट सोसतो, वरून फारसं काही दिसत नाही. पण कागदी लिंबाला तो सोसत नाही. म्हणून संशयित झाडाचा डोळा कागदी लिंबाच्या रोपावर बांधायचा आणि वाट बघायची. काही आठवड्यांनी लिंबाचं कोवळं पान उन्हाकडे धरायचं. शिरा जागोजागी तुटक, पारदर्शक दिसल्या, तर समजायचं की ज्या झाडाचा डोळा घेतला त्याच्यात विषाणू आहे. पुढे त्याच लिंबाची साल सोलली तर खोडावर बारीक खड्डे दिसतात. एक झाड दुसऱ्या झाडाचा रिपोर्ट देत होतं. ही पद्धत स्वस्त आणि भरवशाची. फक्त वेळखाऊ.

विषाणू डोळ्यांना दिसला तो १९६४ मध्ये, ब्राझीलमध्ये, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. लांब, वळणदार धागे. एकेक धागा सुमारे २,००० नॅनोमीटर लांब. झाडाच्या विषाणूंत ही मोठीच लांबी झाली, तरी एका मिलिमीटरमध्ये असे ५०० धागे टोकाला टोक लावून बसतील.

जो विषाणू विषाणू नव्हताच

आता या गोष्टीतला सगळ्यात आवडता भाग माझा.

ट्रिस्टेझा सापडला, पण भारतातला सगळा ऱ्हास त्यानं समजत नव्हता. ज्या बागांत पानं विचित्र ठिपक्यांनी पिवळी पडत, फळ एका बाजूला हिरवंच राहत असे, तिथं काही वेगळंच चाललं होतं. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लिलियन फ्रेझर यांनी सिंग, कपूर आणि नारियानी यांच्याबरोबर एक लेख प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं होतं की भारतातल्या या ऱ्हासामागे बहुधा 'ग्रीनिंग विषाणू' आहे. १९६७ मध्ये कपूर, राव आणि विश्वनाथ यांनी वाहकही शोधला. सिट्रस सिल्ला. कोवळ्या पालवीवर बसून रस शोषणारी इवलीशी कीड. आणि ही कीड कढीपत्त्यावर आनंदानं वाढते. सांगितलं होतं ना, कढीपत्ता परत येईल!

रोग कलमेतून जातो, किडीतून जातो, प्रयोगशाळेत काचेच्या ताटलीत वाढत नाही. म्हणजे विषाणूच, असं सगळ्यांना वाटलं. त्या वेळी जे माहीत होतं त्याप्रमाणे ते बरोबरही होतं.

पण त्याच १९६७ मध्ये जपानमध्ये दोई आणि त्यांचे सहकारी तुतीच्या खुजेपणाचा रोग तपासत होते. तोही 'विषाणू' समजला जायचा. सूक्ष्मदर्शकात त्यांना विषाणू दिसलाच नाही. दिसले ते भिंत नसलेले जिवाणूसारखे गोळे. मग जगभर धांदल उडाली. ज्या ज्या रोगांना विषाणूचं लेबल लावलं होतं ते सगळे लोक पुन्हा बघू लागले. कूर्गमध्ये १८९९ पासून चंदनाची झाडं मारणारा स्पाइक रोगही वर्षानुवर्षं विषाणूचा समजला जात होता. १९६९ मध्ये त्यातही तसेच गोळे सापडले. आणि १९७० मध्ये फ्रान्समध्ये लाफ्लेश आणि बोवे यांना ग्रीनिंग झालेल्या संत्र्याच्या अन्नवाहिनीत जिवाणूसारखी रचना दिसली. पुढे कळलं की हा खराखुरा, भिंत असलेला जिवाणू आहे, फक्त तो झाडाबाहेर जगायला तयार नाही.

तुम्ही म्हणाल, विषाणू काय नि जिवाणू काय, झाड मरायचं ते मरतंच. पण फरक मोठा आहे. टेट्रासायक्लिनसारखं प्रतिजैविक दिलं की ग्रीनिंगची लक्षणं काही काळ कमी होतात, विषाणूवर त्याचा काही परिणाम नसतो. आणि तपासणी करायची तर काय शोधायचं हेच बदलतं. चुकीच्या गुन्हेगाराचा फोटो घेऊन फिरलात तर तो कसा सापडणार?

या जिवाणूची पक्की ओळख पटली १९९४ मध्ये. फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या संशोधकांनी दोन नमुन्यांच्या जनुकाची अक्षरं वाचली. एक आफ्रिकेतला, नेल्सप्रुइटचा. दुसरा आशियातला, आणि त्याचं नाव 'पूना स्ट्रेन'. आपलं पुणं! संत्र्यातून हा जिवाणू अमरवेलीच्या मदतीनं सदाफुलीत नेता येतो. अमरवेल एका झाडातून दुसऱ्या झाडात नळीसारखी रस नेते, आणि सदाफुलीत हा जिवाणू भरपूर वाढतो. देवाला वाहायची सदाफुली जगभरच्या प्रयोगशाळांत या रोगाची साठवण झाली. आज त्या आशियाई जिवाणूला लिबेरिबॅक्टर एशियाटिकस म्हणतात.

अक्षरं वाचण्याचा काळ

२०२०-२१ मध्ये आपण सगळ्यांनी नाकात काडी घालून घेतली आहे, त्यामुळे आरटी-पीसीआर समजवायची गरज नाही. व्हेरियंट, म्यूटेशन हे शब्दही आता नाक्यावरच्या टपरीवर ऐकू येतात. झाडांच्या विषाणूंत हेच चालतं.

विषाणूचा जनुकसंच म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला एक लांबलचक मजकूर. कोविडच्या विषाणूचा मजकूर सुमारे ३०,००० अक्षरांचा. १९९५ मध्ये ट्रिस्टेझाच्या फ्लोरिडातल्या एका प्रकाराचा संपूर्ण मजकूर वाचला गेला: १९,२९६ अक्षरं. झाडांच्या आरएनए विषाणूंत हा सगळ्यात मोठ्यांपैकी एक. मग वेगवेगळ्या देशांतले ट्रिस्टेझा वाचले गेले आणि कळलं की नाव एक असलं तरी आत बरीच भाऊबंदकी आहे. काही प्रकार झाड मारतात, काही नुसते राहून जातात. ब्राझीलमध्ये तर सौम्य प्रकार मुद्दाम झाडात सोडला, म्हणजे घातक प्रकाराला जागाच मिळू नये. लसीसारखंच म्हणा ना.

आणि 'नवीन' विषाणू? दोन उदाहरणं देतो, दोन्ही भारतातल्या झाडांतली.

पहिलं. संत्र्याच्या, विशेषतः पंजाबातल्या किन्नोच्या पानांवर पिवळी वर्तुळं दिसायची. जुन्या लोकांना वाटायचं की परदेशात माहीत असलेला सोरोसिस रोग तो हाच. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या लोकांना त्यात धाग्यासारखे कण दिसले, पण ते त्या परदेशी रोगाशी जुळेनात. इटलीत तोरिनो इथं या भारतीय विषाणूची अक्षरं वाचली गेली. २००० मध्ये ती नवी जाती म्हणून मांडली गेली आणि २००२ मध्ये पूर्ण मजकूर प्रसिद्ध झाला: ७,५६० अक्षरं. तो ओळखीच्या कुठल्याच घराण्यात नीट बसेना. शेवटी त्याच्यासाठी नवा गण तयार केला, नाव 'मँडरीव्हायरस'. मँडरिन म्हणजे सैल सालीचा, हातानं सोलता येणारा संत्रा. आपला नागपुरी त्याच गटातला.

दुसरं. आंध्राकडच्या सातगुडी मोसंबीवर पिवळ्या मोझॅकचा रोग १९७० च्या दशकापासून माहीत होता. १९९६ मध्ये अहलावत आणि सहकाऱ्यांनी त्यात एक वेगळा, दंडगोल विषाणू दाखवला. २००१ मध्ये अमेरिकेत हुआंग आणि हार्टुंग यांनी त्याची अक्षरं वाचली: ७,५५९.

लक्षात आलं का? एक ७,५६० अक्षरांचा, एक ७,५५९ चा. एका अक्षराचा फरक! पण हा निव्वळ योगायोग. पहिला आरएनएचा, दुसरा डीएनएचा, आणि तोही गोलाकार. त्यांचं एकमेकांशी काहीच नातं नाही. म्हणजे लांबी बघून कुळ कळत नाही, मजकूर वाचावा लागतो. नवी जाती ठरवण्याची रीत अशीच आहे. मजकूर वाचायचा, ओळखीच्या सगळ्या मजकुरांशी ताडून बघायचा, आणि ठराविक मर्यादेपेक्षा जास्त फरक निघाला तर नवं नाव द्यायचं. मग त्या मजकुराचा एखादा खास तुकडा निवडला की पीसीआर तपासणी तयार. ज्या निकालासाठी कागदी लिंबाजवळ महिनोन्‌महिने बसावं लागायचं, तो आता काही तासांत.

सापडला म्हणजे दोषी नव्हे

गेल्या दहा-पंधरा वर्षांत तर गोष्टच बदलली. आता पान वाटून त्यातला सगळा आरएनए यंत्रात घालतात. यंत्र झाडाची, बुरशीची, किडीची, विषाणूची, सगळ्यांची अक्षरं एकदम वाचतं, आणि संगणक त्यातून विषाणूचे तुकडे वेगळे काढतो. २०१७ मध्ये विषाणूंची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीच्या तज्ज्ञांनी मान्य केलं की नुसत्या मजकुरावरूनही नव्या विषाणूला नाव देता येईल. २०२२ मध्ये एका संशोधक गटानं आधीच साठवलेली माहिती चाळूनच एक लाखाहून जास्त नवे आरएनए विषाणू शोधले. कुणी जंगलात गेलं नाही, कुणी पान तोडलं नाही.

भारी आहे ना? पण इथंच जपायला हवं. मजकूर सापडला म्हणजे विषाणू आहे, एवढंच कळतं. रोग त्यानंच केला, हे कळत नाही. झाडात निमूट राहणारे विषाणू कितीतरी असतात. दोषी ठरवायचं तर जुनीच रीत लागते: निरोगी रोपावर बांधा, तोच रोग दिसतो का बघा, आणि त्या रोपात तोच विषाणू पुन्हा सापडतो का बघा. म्हणजे शेवटी परत कागदी लिंबाजवळ वाट बघणं आलंच.

हे मी एवढ्यासाठी सांगतोय, की उद्या तुमच्या फोनवर 'संत्र्यात नवा विषाणू सापडला' असा मेसेज आला, तर फॉरवर्ड करण्याआधी एवढं विचारा: सापडलाय, की त्यानं रोग होतो हेही सिद्ध झालंय? पिवळं पान दिसलं म्हणून घाबरून कुणी बाग उपटली आणि खरा दोष मुळाशी साचलेल्या पाण्याचा किंवा डिंक्याचा निघाला, तर त्याची भरपाई कोण देणार? आणि उलटही. खरंच ग्रीनिंग असताना कुणी 'खत कमी पडलं' म्हणत बसला, तर शेजारच्या दहा बागा जातात. फ्लोरिडात २००५ मध्ये ग्रीनिंग सापडला. तिथं २००३-०४ च्या हंगामात संत्र्याच्या २४ कोटी पेट्या निघत होत्या. २०२३-२४ मध्ये त्या २ कोटींच्याही खाली आल्या. पैसा, यंत्रं, विद्यापीठं, सगळं असलेल्या राज्याची ही गत.

गडचिरोलीची आई

आता शेवट जंगलात.

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात टसर रेशीम होतं. आरमोरी भाग त्यासाठी प्रसिद्ध. ढिवर समाजातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या सोडतात, पाखरांपासून त्यांची राखण करतात आणि कोष काढतात. या अळ्यांना विषाणूचा रोग होतो. त्या विषाणूचाही मजकूर वाचला गेलाय. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी दाखवलं की तो एक सलग धागा नाही, दुहेरी आरएनएचे ११ तुकडे आहेत.

पण मला सांगायचंय ते रेशमातल्या वेगळ्याच रोगाबद्दल, पेब्रीनबद्दल. हा विषाणूचा रोग नाही, बुरशीच्या नात्यातल्या एका सूक्ष्म जिवाचा आहे, आणि तो आईकडून अंड्यात जातो. १८६० च्या दशकात फ्रान्समधला रेशीमधंदा यानं बसला, तेव्हा लुई पाश्चर यांना बोलावलं. १८६५ पासून त्यांनी काही वर्षं घालवली. औषध काही सापडलं नाही. त्यांनी उपाय सांगितला तो असा: मादी पतंगानं अंडी घातली की तिलाच सूक्ष्मदर्शकाखाली तपासा. तिच्यात रोगाचे कण दिसले तर तिची सगळी अंडी टाकून द्या. दिसले नाहीत तर तीच अंडी वाढवा. आजही टसरचे 'रोगमुक्त अंडीपुंज' असेच तयार होतात. गडचिरोलीत जे अंडीपुंज वाटले जातात त्यांच्यामागे ही आईची तपासणी असते.

संत्र्याचं उत्तर अगदी हेच आहे. औषध नाही, तर आई तपासा. मातृवृक्ष तपासा, मग डोळा काढा. कागदी लिंबापासून ७,५६० अक्षरांपर्यंतचा सगळा इतिहास मला या एका कामासाठी महत्त्वाचा वाटतो. विषाणूला नाव मिळालं, त्याची अक्षरं कळली, म्हणून आईची तपासणी करता येते. नाहीतर 'झाड छान दिसतंय' एवढ्यावरच डोळकाड्या कापल्या जातात. आणि जंबेरीवरचा संत्रा विषाणू पोटात ठेवूनही छान दिसू शकतो, हे आपण वर बघितलंच.

आई आजारी असेल आणि तिच्यासारखं दुसरं गोड झाडच नसेल तर? त्यालाही उपाय आहे. झाडाच्या शेंड्याचं अगदी टोक, मिलिमीटरचा एक-दोन दशांश, इतकं झपाट्यानं वाढत असतं की विषाणू सहसा तिथं पोचलेला नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली ते टोक कापून परीक्षानळीतल्या इवल्याशा रोपावर बसवतात. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात मुराशिगे आणि नंतर नवारो यांनी ही शेंडा-कलम बसवली. आजारी आईचं निरोगी मूल! त्याची पुन्हा तपासणी करायची, आणि मग तेच नवी आई म्हणून लावायचं.

हे काम महाराष्ट्रात होतं. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं १९८५ मध्ये नागपूरला लिंबूवर्गीय फळांचं राष्ट्रीय केंद्र सुरू केलं, तीच आजची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था. तिथं शेंडा-कलम, तपासणी, रोगमुक्त रोपं, सगळं चालतं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारनं 'क्लीन प्लांट' कार्यक्रमाला मंजुरी दिली: १,७६५.६७ कोटी रुपये आणि देशभरात ९ केंद्रं. त्यात महाराष्ट्राला तीन: संत्र्यासाठी नागपूर, द्राक्षासाठी पुणे, डाळिंबासाठी सोलापूर.

केंद्रं होतील तेव्हा होतील. पण तुमच्या घरी कुणी बांधावर लिंबू लावणार असेल, वडील संत्र्याचा विचार करत असतील, तर कलमा घ्यायला तुम्ही सोबत जा आणि रोपवाटिकेत दोन प्रश्न विचारा. डोळा कुठल्या झाडाचा? आणि ते झाड तपासलंय का, कधी? उत्तर नसेल तर पाच-दहा रुपये स्वस्त मिळाली म्हणून कलम घेऊ नका. कारण चूक कळायला पाच वर्षं लागतात, आणि ती पाच वर्षं, पाणी, मजुरी, कर्जाचं व्याज, सगळं शेतकऱ्याचं जातं. एक अजून: संत्र्याच्या पट्ट्यात पाहुणे म्हणून जाताना गावाकडचं कढीपत्त्याचं रोप प्रेमानं घेऊन जाऊ नका. पालवीत सिल्ला बसलेली दिसतही नाही.

आजचं एवढंच. प्रश्न असतील तर विचारा, आणि घरात कुणी टसर केलं असेल तर त्यांच्याकडून अंडीपुंजांची गोष्ट नक्की ऐका. सूक्ष्मदर्शकाखाली आई तपासणं म्हणजे काय, ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. भेटू पुढच्या भागात!